“ते स्वतःहून वेगळे राहिले” म्हणणाऱ्यांनी एकदा ते खरेदीखत वाचावं

सांगलीच्या मावशीने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. वर ‘नक्की वाचा, डोळे उघडतील’, खाली ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. दोन दिवसांत तोच मेसेज इथे मिनेसोटातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मावशीने पाठवलं तेव्हा गप्प बसले होते. इथे राहणाऱ्या, रोज त्याच रस्त्यांवरून गाडी चालवणाऱ्या माणसांनी अंगठे दाखवल्यावर मात्र राहवेना.

मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. अमेरिकेतली विद्यापीठं आणि कार्यकर्ते सध्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांचे नकाशे करतात, त्यांना लोकांच्या कहाण्या जोडतात आणि त्यावरून अन्याय झाल्याचं सांगतात. हे सगळं थोतांड आहे. कारण, कुठे राहायचं याची सक्ती त्यांच्यावर कुणीच केली नव्हती, तसा कायदाच नव्हता, ते स्वतःहून आपापल्या लोकांत राहिले. दुसरं, हे नकाशे आत्ता संगणकावर रंगवलेले आहेत. तिसरं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. चौथं, आपण भारतीय दोन बॅगा घेऊन आलो आणि घरं उभी केली, मग यांना काय अडचण होती, आणि आपल्याला त्यांचं काय? आणि शेवटी, जे काही होतं ते १९६८ साली संपलं, आता उकरून काढायचं ते गोऱ्यांच्या जमिनी हिसकावण्यासाठी.

मावशीवर माझा राग नाही, तिने विश्वासाने पुढे पाठवलं. ज्याने लिहिलंय त्याच्यावर आहे. १९६८ हे साल ज्याला बरोबर माहीत आहे, त्याला त्याआधीचं काहीच माहीत नाही असं मी मानणार नाही.

“कायदा नव्हता” हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच ते जास्त घातक आहे. केंटकीतल्या लुईव्हिल शहराने कुठल्या वर्णाच्या माणसाने कुठल्या गल्लीत राहायचं याचा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९१७ मध्ये रद्द केला. त्यानंतर नगरपालिकेला असा नियम उघडपणे करता येत नव्हता, हे मान्य. पण नगरपालिकेला जे करता येईना, ते खरेदीखतात घालता येत होतं, आणि देशभर ते घातलं गेलं.

इथे मिनेसोटातल्या मिनीॲपोलिस शहरात तर सुरुवात त्याआधीच झाली होती. १९१० मध्ये हेन्री आणि लिओनोरा स्कॉट या जोडप्याने पस्तिसाव्या ॲव्हेन्यूवरची जागा नेल्स अँडरसन नावाच्या माणसाला विकली. खतात अट घातली की ही जागा चिनी, जपानी, मूर, तुर्की, निग्रो, मंगोलियन किंवा आफ्रिकन रक्ताच्या वा वंशाच्या कुणालाही कधीही विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही. शहरात सापडलेल्या अशा अटींमधली ही सगळ्यात जुनी. त्या वर्षी शहराची वस्ती तीन लाख होती आणि त्यात कृष्णवर्णीय जेमतेम अडीच हजार. हे लोक आपणहूनच बाजूला राहणार होते, तर त्यांना थांबवायला अट कशासाठी लागली? जो येणारच नाही त्याच्यासाठी कुणी दाराला कुलूप घालत नाही.

आपल्याकडे सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा जमिनीबरोबर जातो, मालक बदलला तरी उतरत नाही. ही अट तशीच जागेला चिकटून राहायची. अँडरसनने पुढे कुणाला विकलं, त्याने आणखी कुणाला, तरी अट सगळ्यांवर बंधनकारक. एखाद्या घरमालकाच्या मनात द्वेष नसला, त्याला कृष्णवर्णीय गिऱ्हाईक चांगली किंमत देत असलं, तरी विकायची सोय नाही. विकलंच, तर शेजारी कोर्टात जायचा आणि कोर्ट घर रिकामं करायला सांगायचं. अशा अटींना सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये हात लावायला नकार दिला. कोर्टांनी त्यांची अंमलबजावणी करायची नाही, असा निकाल यायला १९४८ उजाडलं. मधल्या सगळ्या काळात नगरपालिकेचा कायदा नव्हता, पण कोर्ट होतं, आणि कोर्टाचा हुकूम घेऊन दारात येणारा माणूस होता.

आता मिनीॲपोलिसच्या शेजारच्या ईडायना या उपनगराकडे येते, कारण आमच्या ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना तिथल्या शाळांसाठी तिथेच घर हवं असतं. ईडायनाच्या कंट्री क्लब भागाची आखणी १९२४ मध्ये झाली. सुंदर वळणदार रस्ते, मोठी झाडं, आजही बघत राहावं असा भाग. तिथल्या खतांतली अट अशी, की एकही प्लॉट गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय इतर कुणालाही विकू किंवा भाड्याने देऊ नये, आणि गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय तिथे कुणी राहूही नये. अपवाद फक्त त्या घरात घरकामाला असलेल्या नोकराचा, आणि तोही मालक किंवा भाडेकरू स्वतः तिथे राहत असेपर्यंत.

हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं आहे. स्वयंपाक करणारी, पोरं सांभाळणारी, धुणं धुणारी बाई त्या छपराखाली झोपलेली चालत होती. तिने स्वतःच्या पैशाने शेजारचं घर घेतलेलं चालत नव्हतं. यात “आपापल्या लोकांत राहायची आवड” कुठे बसते, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. आणखी एक तपशील आहे. त्या खतांतल्या बाकीच्या अटी, म्हणजे घर रस्त्यापासून किती आत, बांधकाम कसं, वगैरे, १ जानेवारी १९६४ रोजी संपणार होत्या. वंशाची अट तेवढी त्यातून वगळली होती. ती कायमची.

आणि ईडायना काही पहिल्यापासून फक्त गोऱ्यांचं नव्हतं. तिथे एकोणिसाव्या शतकात कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबं राहत होती. त्यांच्यातले बी. सी. यान्सी गावच्या कारभारात रेकॉर्डर, म्हणजे दप्तर सांभाळणारे अधिकारी, म्हणून निवडून आले होते, त्यांच्या पत्नी एलन यांनी शाळेत पालक-शिक्षक संघ सुरू केला. गोऱ्या शेजाऱ्यांनी मत देऊन निवडलेला माणूस होता तो. एकत्र राहणं जमत नव्हतं असं नाही, ते मोडलं गेलं. घरांच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने तर १९२४ मध्ये आपल्या आचारसंहितेतच लिहून टाकलं की ज्यांच्या येण्याने परिसरातल्या मालमत्तांची किंमत उतरेल अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना त्या परिसरात आणायला दलालाने हातभार लावू नये. म्हणजे विकणारा तयार, घेणारा तयार, तरी मधला माणूस व्यवहार होऊ देणार नाही, कारण तसं करणं त्याच्या धंद्यात अनैतिक ठरवलेलं.

आणि खतात अट नसलेल्या घराचं काय व्हायचं? आर्थर ली हे टपाल खात्यात नोकरीला होते, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी इडिथ यांनी १९३१ च्या उन्हाळ्यात मिनीॲपोलिसमध्ये कोलंबस ॲव्हेन्यूवर एक छोटं घर घेतलं. त्या भागातल्या घरमालकांनी कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचा करार १९२७ मध्येच आपापसात करून ठेवला होता. जुलैमध्ये घरासमोर जमाव जमू लागला. एका रात्री तो चार हजारांपर्यंत गेल्याचं त्या वेळच्या बातम्या सांगतात. दगड आले, घाण आली, भिंतींवर काळा रंग फेकला गेला. आत नवरा, बायको आणि लहान मुलगी. ली म्हणाले होते, फ्रान्समध्ये चिखलात आणि पाण्यात या देशासाठी लढत होतो तेव्हा मला कुणी निघून जा म्हटलं नाही. लीना ऑलिव्ह स्मिथ या मिनेसोटातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. पोलिसांच्या पहाऱ्यात कुटुंब तिथे टिकून राहिलं आणि १९३३ मध्ये तिथून गेलं. ते घर अजून उभं आहे, २०१४ पासून राष्ट्रीय वारसा यादीत आहे. ज्यांना “स्वतःहून” हा शब्द वापरायचा आहे त्यांनी तिथे जाऊन समोरच्या फुटपाथवर उभं राहावं.

“नकाशे आत्ता रंगवलेत.” मी स्वतः या कामात स्वयंसेवक म्हणून संध्याकाळी बसले आहे, म्हणून हे कसं चालतं ते नीट सांगते. मिनेसोटा विद्यापीठातल्या नकाशा ग्रंथालयात २०१६ मध्ये ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ हा प्रकल्प सुरू झाला. मिनीॲपोलिस ज्यात येतं त्या हेनेपिन काउंटीच्या नोंदणी कार्यालयातली लाखो जुनी पानं स्कॅन करून आधी संगणकाकडून संशयास्पद शब्द शोधून घेतात. मग ते पान स्वयंसेवकाच्या पडद्यावर येतं. जुन्या टाइपरायटरची फिकी अक्षरं, काही ठिकाणी हाताने लिहिलेलं. आपण वाचायचं, अट आहे की नाही ते सांगायचं, असेल तर शब्दन् शब्द उतरवायचा. तारीख, विकणारा, घेणारा, प्लॉट आणि ब्लॉक क्रमांक लिहायचा. एकच पान एकाहून जास्त जणांकडून वाचून घेतात आणि उत्तरं जुळली तरच ते पुढे जातं. मग तो प्लॉट आजच्या जमिनीच्या नकाशावर बसवला जातो. अट बहुतेकदा कलमांच्या यादीत मधेच सापडते. घराची किंमत अमुक डॉलरपेक्षा कमी नको, समोर इतकी जागा सोडावी, जनावरं पाळू नयेत, आणि त्याच यादीत, त्याच सुरात, अमुक वंशाची माणसं नकोत.

नुसत्या मिनीॲपोलिस शहरात अशा आठ हजारांहून जास्त अटी या कामातून हाती लागल्या आहेत. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे सरकारी दप्तरातलं एक खत आहे. माझ्या मते एवढा एक पुरावा या मेसेजला पुरेसा आहे. ज्याला खोटं वाटतं त्याने एखादा ठिपका निवडून नोंदणी कार्यालयातून मूळ पान मागवावं.

इथे एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. ‘रेडलायनिंग’चे ते प्रसिद्ध रंगीत नकाशे असतात ना, हिरवा, निळा, पिवळा आणि लाल, लाल म्हणजे तिथे कर्ज देणं सगळ्यात धोक्याचं, ते गृहकर्जाच्या एका सरकारी महामंडळाने १९३० च्या दशकात दोनशेहून अधिक शहरांचे केले. रिचमंड विद्यापीठाने ते २०१६ मध्ये सगळ्यांना बघायला खुले केले आणि तेव्हापासून लोक कुठल्याही अन्यायाचं मूळ त्या लाल रंगात शोधू लागले. ते अति झालं आहे. अलीकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय की त्या महामंडळाने स्वतः कृष्णवर्णीयांना कर्जं दिली होती, आणि लाल भागात राहणाऱ्यांत गरीब गोरे संख्येने जास्त होते. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठून तरी उचललंय आणि त्यावरून सगळंच खोटं ठरवलंय. पण त्याच अभ्यासांत हेही आहे की शहरांतले जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मात्र लालमध्येच होते. आणि खरा घाव घालणारी संस्था दुसरी होती, १९३४ मध्ये निघालेलं संघीय गृहनिर्माण प्रशासन. बँकेच्या गृहकर्जाला सरकारी हमी देणारं ते हेच. त्याच्या नियमपुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं की परिसर स्थिर राहायचा असेल तर तिथल्या मालमत्ता त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाच्या ताब्यात राहणं गरजेचं आहे. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरची गोऱ्यांसाठीची वसाहत कृष्णवर्णीय वस्तीला लागून होती म्हणून हमी मिळेना. त्याने १९४१ मध्ये मधे अर्धा मैल लांब, सहा फूट उंच काँक्रीटची भिंत बांधली आणि हमी मिळाली. ती भिंत आजही आहे. हात लावून बघता येते.

आणि “आत्ता” म्हणायचं तर कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १८९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरले, कृष्णवर्णीय कुटुंबांशी बोलले आणि घराघराची स्थिती रंगांनी दाखवणारा नकाशा त्यांनी १८९९ मध्ये छापला. माणसांची विचारपूस आणि नकाशा एकत्र करण्याची ही रीत सव्वाशे वर्षांची आहे. या मुद्द्यावर आणखी वेळ घालवत नाही.

“म्हाताऱ्यांच्या आठवणी.” हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण काही ठिकाणी आठवणींशिवाय दुसरं काही उरूच दिलेलं नाही. मिनीॲपोलिसहून सेंट पॉलला आय-९४ महामार्गावरून जाताना आपण जिथून ताशी साठ मैलांनी जातो, तिथे रोंडो नावाची वस्ती होती. सेंट पॉलमधले बहुसंख्य कृष्णवर्णीय तिथे राहायचे. न्हावी, खाणावळी, चर्च, क्लब, रेल्वेत पोर्टर म्हणून काम करून घर घेतलेली माणसं. महामार्ग आखायची वेळ आली तेव्हा शहराचे नियोजन अभियंता जॉर्ज हेरल्ड यांनी उत्तरेकडून, रेल्वे रुळांच्या बाजूने जाणारा दुसरा मार्ग सुचवला होता, ज्यात वस्ती वाचली असती. तो नाकारला गेला. १९५६ पासून घरं पाडायला सुरुवात झाली, १९६८ मध्ये रस्ता खुला झाला. सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं गेली.

आज नकाशावर रोंडो ॲव्हेन्यू शोधा, सापडणार नाही. त्याचा जो तुकडा वाचला त्याला आता कॉन्कॉर्डिया ॲव्हेन्यू म्हणतात आणि तो महामार्गाला लागून पळतो. रस्त्याचं नावच पुसलं गेलं, मग तिथे कोण राहत होतं ते सरकारी नकाशा कसं सांगणार? रेव्हरंड जॉर्ज डेव्हिस घर सोडायला तयार नव्हते. १९५६ च्या सप्टेंबरात पोलीस कुऱ्हाडी आणि घण घेऊन आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतींना भोकं पाडू लागले. हे आपल्याला माहीत आहे कारण त्यांच्या नातवाने मुलगा असताना ते पाहिलं आणि आयुष्यभर सांगितलं. महामार्गाच्या आराखड्यात ते घर म्हणजे संपादनाचा एक क्रमांक आहे. आठवण आणि आराखडा एकमेकांशेजारी ठेवले तरच काय झालं ते कळतं. सेंट पॉलच्या महापौरांनी २०१५ मध्ये शहराच्या वतीने रोंडोची जाहीर माफी मागितली, ती काही अफवेवर मागितलेली नव्हती.

आठवणी चुकतात का? चुकतात. सालं सरकतात, कोपरे बदलतात. म्हणून तर त्या जुन्या शहर-डिरेक्टऱ्या, आगविम्याचे नकाशे, खतं यांच्याशी ताडून बघतात. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचं उदाहरण घ्या. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली, पस्तीस ब्लॉक राख झाले. मेलेल्यांना गुपचूप सामूहिक पुरलं असं लोक पिढ्यान्पिढ्या सांगत होते आणि त्यांना वेड्यात काढलं जात होतं. क्लाइड एडी हे गोरे गृहस्थ तेव्हा दहा वर्षांचे होते. ओकलॉन दफनभूमीत खड्डा खणताना आणि शेजारी खोक्यांत मृतदेह ठेवलेले आपण पाहिल्याचं त्यांनी १९९९ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये त्याच दफनभूमीत उत्खनन झालं आणि जमिनीवर कसलीही खूण नसलेल्या शवपेट्या निघाल्या. आठवणींनी दफनभूमीकडे बोट दाखवलं, अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या जुन्या नोंदींनी कोपरा दाखवला. २०२४ मध्ये डीएनएवरून एकाची ओळख पटली. सी. एल. डॅनिएल, पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेला तरुण. शंभर वर्षांनी त्याला नाव परत मिळालं, आणि सुरुवात झाली होती ती ज्यांना मेसेजवाला इतिहास मानत नाही अशा गोष्टींतून.

आता दोन बॅगा. आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे याच ओळीला होते. माझा भाचा पुढच्या वर्षी इथे शिकायला येतोय, त्याने लगेच विचारलं, मावशी, मग कुठल्या वस्त्यांपासून लांब राहायचं? मेसेजचं विष असं उतरतं. ज्यांना बाहेर ठेवलं गेलं त्यांचाच दोष मानायचा आणि त्यांच्यापासून लांब राहायचं, हे तो पोरगा विमानात बसायच्या आधीच शिकला.

वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला आले, पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन. गडी बॅगा घेऊन नाही, पंचवीस हजार डॉलरचं सोनं घेऊन आला होता. त्यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं घालून ठेवली होती, हे लोक आत जाता कामा नयेत म्हणून. मुलांना काही होईल या भीतीने कला बगाई म्हणाल्या की इथे राहायचं नाही, आणि कुटुंब परत फिरलं. हे आपल्याला कुठून कळतं? कलाबाईंनी म्हातारपणी, १९८२ मध्ये दिलेल्या मुलाखतीतून. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असं ठरवलं. बगाईंचं नागरिकत्व काढून घेतलं, दुकान गेलं, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बर्कलीने अलीकडे एका रस्त्याला कला बगाईंचं नाव दिलं आहे. सिॲटलच्या ब्रॉडमूर वसाहतीच्या १९२८ च्या अटीत ज्यू, इथिओपियन आणि मलय यांच्याबरोबर ‘कुठलाही आशियाई वंश’ असं लिहिलं होतं. त्यात पुण्याचा इंजिनिअरही आला आणि कोल्हापूरची डॉक्टरही.

मग आपण आलो कसे? स्थलांतराच्या १९६५ च्या कायद्याने. नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, हा त्याच्या पुढच्या वर्षीचा, त्याच चळवळीच्या रेट्यातून झालेला. मार खाल्ला, तुरुंगात गेले, जीव दिले ते कृष्णवर्णीयांनी. दार उघडलं ते आपल्यालाही. आणि त्या दारातून निवडून घेतले ते शिकलेले डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ. भारतातल्या सरकारी पैशातून चाललेल्या महाविद्यालयांची पदवी बॅगेत होती. कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही, माझ्या सासऱ्यांनी तीन-तीन पाळ्या केल्या आहेत. पण घर घ्यायला गेल्यावर त्यांच्यासमोर कुणी १९२४ चं खत ठेवलं नाही. ज्या पिढीला घर घेऊ दिलं नाही तिच्या नातवंडांच्या हाती विकायला, गहाण टाकायला, कॉलेजची फी भरायला घर आलं नाही. अमेरिकेत मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे प्रामुख्याने घर. हा हिशेब मराठी माणसाला कळायला अवघड नाही, आपल्याकडेही भावकीची भांडणं जमिनीवरूनच होतात.

आणि “आपल्याला त्यांचं काय” हे मराठीत लिहिताना तरी विचार करायला हवा होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जन लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइसना पत्र लिहून कळवलं की भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्याचा अभ्यास स्वाभाविक तर आहेच, आवश्यकही आहे. डू बॉइसनी उत्तर दिलं. नकाशा करणारे तेच डू बॉइस. गावाबाहेर कुणाची वस्ती, पाणवठा कुणाचा, वारा कुठून कुठे वाहतो, हे ज्या समाजाला शिकवावं लागत नाही त्याने “ते स्वतःहून वेगळे राहिले” हे वाक्य पुढे ढकलावं, याची मला लाज वाटते.

राहिलं १९६८ आणि जमिनी. त्या वर्षी समान गृहनिर्माणाचा संघीय कायदा झाला, खरं आहे. मिनेसोटाने नवीन वांशिक अटींवर १९५३ मध्येच बंदी घातली होती. पण कायदा झाला म्हणून काढून टाकलेली झाडं परत उगवत नाहीत. अमेरिकेतल्या १०८ शहरांच्या २०२० मधल्या अभ्यासात जुन्या लाल भागांत उन्हाळ्यात जमिनीचं तापमान इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त निघालं. ते सगळं त्या लाल रंगामुळेच झालं असं मी म्हणत नाही, वर सांगितलंच. पण जिथे पैसा गेला नाही तिथे सावलीही गेली नाही.

जमीन हिसकावण्याचं मात्र निखालस खोटं आहे. २०१९ च्या मिनेसोटाच्या कायद्याने घरमालक स्वतःहून अर्ज करून आपल्या खतातली अट रद्द झाल्याची नोंद करू शकतो. जुनं पान दप्तरात राहतं, शेजारी नवं जोडलं जातं. ‘जस्ट डीड्स’ नावाच्या उपक्रमातून वकील हे फुकट करून देतात. कुणाची इंचभर जागा जात नाही. जमीन परत दिल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे ते कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचचं. विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ मध्ये तिथे समुद्राकाठी जागा घेऊन विश्रामगृह काढलं. १९२४ मध्ये नगरपालिकेने बागेचं कारण सांगून ती सक्तीने संपादित केली, आणि नंतर कित्येक वर्षं तिथे बाग केलीच नाही. लॉस एंजेलिस काउंटीने २०२२ मध्ये ती जागा वारसांना परत दिली, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडून सुमारे दोन कोटी डॉलरना विकत घेतली. ती सरकारी ताब्यातली जागा होती, कुणा गोऱ्याचं घर नव्हतं. हिसकावली होती ती १९२४ मध्ये, आणि ज्यांची हिसकावली त्यांचं आडनाव ब्रूस होतं.